ओहमचं चुकलेलं रीडिंग

ज्युनिअर कॉलेजच्या जर्नलमध्ये ज्याच्या नावाचा प्रयोग आपण सगळ्यांनी लिहिला, त्याचा स्वतःचा पहिला निष्कर्ष चुकला होता. आणि तो छापूनही आला होता. व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं गणित बसवणाऱ्या जॉर्ज सायमन ओहमची ही गोष्ट.

फिजिक्सचं ते प्रॅक्टिकल आठवतंय? टेबलावर बॅटरी एलिमिनेटर, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर, ऱ्होस्टॅट, एक प्लग की आणि टोकं पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या त्या वायरी. ऱ्होस्टॅटचा सरकता भाग थोडा थोडा पुढे न्यायचा, दोन्ही मीटरचे आकडे लिहायचे आणि मग ग्राफ काढायचा. ग्राफ सरळ रेषेत आला की प्रयोग यशस्वी!

आमच्या बॅचने काय केलं सांगू? आधी रेष काढली, मग तिच्यावर ठिपके ठेवले. मग त्या ठिपक्यांवरून रीडिंग लिहिली. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे प्रयोग उलटा करणं सोपं होतं. सरांनी सही केली, व्हायवामध्ये नियम सांगितला, विषय संपला. पुढे मी सायन्स सोडून मास कॉमला आले आणि ओहम डोक्यातून गेला तो गेलाच.

मागच्या महिन्यात याच पानासाठी विषय शोधताना त्याचं चरित्र हाती लागलं. तेव्हा कळलं, की ज्या माणसाच्या नावाने आपण रीडिंग मॅनेज केली, त्याला उत्तर माहीत असायचा प्रश्नच नव्हता. व्होल्ट, अँपिअर ही एककं नव्हती. बाजारात अ‍ॅमीटर नव्हता. त्याने मोजलं, चुकीचं सूत्र काढलं, ते जगासमोर मांडलं आणि मग स्वतःच ते मोडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला. या खटाटोपाची त्याला बरीच किंमत मोजावी लागली.

कुलुपवाल्याचा मुलगा

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ चा. गाव एरलांगेन, आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियामध्ये. वडील योहान वोल्फगांग ओहम कुलुपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याच्या घरातली. सात मुलं झाली, त्यातली तीनच जगली : जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडिलांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, पण माणूस जबरदस्त. दिवसभर लोखंडाशी झटापट करायची आणि उरलेल्या वेळात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान वाचायचं. जे स्वतः शिकले ते मुलांना शिकवायचं. क्लास नाही, ट्युशन नाही, घरच्या घरी. पोरं इतकी तयार झाली की एरलांगेन विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी जॉर्जची परीक्षा घेतली, तेव्हा ते थक्कच झाले. या दोघा भावांची तुलना त्यांनी बर्नुली घराण्याशी केली. बर्नुली म्हणजे गणितातलं सगळ्यात नावाजलेलं खानदान. कुलुपवाल्याच्या मुलांसाठी ही केवढी मोठी पावती!

धाकटा मार्टिनही पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. चित्रकला आणि डिझाइनवाले ज्याला गोल्डन रेशो म्हणतात, त्याला जर्मनमध्ये सोनेरी छेद अशा अर्थाचं नाव छापील पुस्तकात पहिल्यांदा वापरल्याचं श्रेय या मार्टिनला दिलं जातं. म्हणजे एका छोट्या घरातून दोन ओहम निघाले.

वडिलांकडून जॉर्जला गणितासोबत आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे धातू ओळखणारा हात. पुढे तिचाही उपयोग झाला.

डान्स, स्केटिंग आणि बिलियर्ड्स

१८०५ मध्ये सोळा वर्षांचा जॉर्ज एरलांगेन विद्यापीठात दाखल झाला. आता हा अभ्यासात झेंडे लावणार असं वाटेल. पण पठ्ठ्या रमला नाचात, बर्फावरच्या स्केटिंगमध्ये आणि बिलियर्ड्समध्ये. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वडील भडकले. आपल्याला जे शिक्षण कधी मिळालं नाही ते मुलाला मिळतंय आणि हा ते वाया घालवतोय, हे त्यांना सहन होईना. तीन सेमिस्टरनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावं लागलं. १८०६ मध्ये त्याची रवानगी थेट स्वित्झर्लंडला झाली, गोटश्टाट नावाच्या ठिकाणच्या एका शाळेत गणित शिकवायला. वय सतरा. आजच्या भाषेत ड्रॉपआउट.

तिथे मात्र गाडी रुळावर आली. पुन्हा विद्यापीठात जायची इच्छा झाली, पण लांग्सडोर्फ सरांनी वेगळाच सल्ला दिला. त्यांनी सांगितलं, कुणाच्या लेक्चरला बसण्यापेक्षा ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांची पुस्तकं स्वतः वाच. जॉर्जने ते ऐकलं. आधी शाळा, मग न्यूशातेल गावात खासगी शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात ही पुस्तकं. तेच वडिलांनी केलं होतं, फक्त आता मुलाची पाळी होती.

१८११ मध्ये तो एरलांगेनला परतला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याला डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठात शिकवायलाही लागला. पण पगार इतका कमी की तीनच सेमिस्टरनंतर त्याला ते सोडावं लागलं. १८१३ पासून बांबेर्गमधल्या एका सुमार शाळेत नोकरी. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली. मग त्याच गावातल्या दुसऱ्या, मुलांनी खचाखच भरलेल्या शाळेत. डॉक्टरेट हातात आणि मनासारखं काम नाही. नेट-सेट पास होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या ओळखीतल्या एखाद्या दादाची किंवा ताईची आठवण होईल अशी ही वर्षं.

या काळात त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्याचं हस्तलिखित प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्याकडे पाठवून दिलं. राजाला काम आवडलं. त्यातून १८१७ मध्ये कोलोन शहरातल्या जेझुइट गिम्नॅझियममध्ये, म्हणजे हायस्कूलमध्ये, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली.

कोलोनची लॅब

या शाळेत एक भारी गोष्ट होती. सुसज्ज प्रयोगशाळा! ओहम रमला.

त्यातच १८२० साल उजाडलं. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिलं, की तारेतून वीज वाहत असली तर शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. सगळ्या युरोपात एकच खळबळ. ओहमसाठी यात एक उपयुक्त गोष्ट होती. वीज डोळ्यांना दिसत नाही, पण सुई दिसते. सुई किती वळली ते मोजलं, तर तारेतून किती वीज वाहतेय त्याचा अंदाज घेता येईल. म्हणजे मीटर मिळाला.

पण नेमकं मोजायचं काय? त्या काळात गोंधळ प्रचंड होता. बॅटरी सगळ्यांकडे होती. व्होल्टाने ती १८०० मध्येच जगाला सांगितली होती. पण बॅटरीचा जोर वेगळा, तारेतून वाहणारी धारा वेगळी आणि तार तिला करत असलेला विरोध वेगळा, अशा तीन गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी साधं गणित आहे, हे कुणाच्या डोक्यात स्पष्ट नव्हतं.

आपण हे असं समजू. गर्दीच्या वेळी रेल्वे स्टेशनचा जिना डोळ्यांसमोर आणा. प्लॅटफॉर्मवरून वर जायला मागून रेटणारी गर्दी, तो रेटा म्हणजे व्होल्टेज. एका मिनिटात जिन्यावरून किती माणसं वर गेली, तो करंट. आणि जिना किती अरुंद, किती लांब, त्यावर मध्येच कुणी बसलंय का, तो रोध. रेटा दुप्पट केला तर माणसं जास्त जातील. जिना अरुंद केला तर कमी जातील. आज हे दोन ओळींत सांगता येतं. ओहमच्या काळात यातली एकही ओळ लिहिलेली नव्हती.

पहिलं उत्तर : चूक

ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेतल्या, त्या बॅटरीला जोडल्या आणि तार लांब होत गेली की सुईवरचा परिणाम किती कमी होतो ते मोजत गेला. १८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. त्यातलं सूत्र लॉगॅरिदमचं होतं. आज आपल्याला माहीत असलेल्या नियमाशी त्याचा मेळ बसत नाही. चूक होतं ते.

चूक झाली कुठे? बॅटरीत. त्या काळचा सेल म्हणजे दोन धातू आणि मध्ये आम्लाचं द्रावण. वीज वाहायला लागली की थोड्याच वेळात त्याचा जोर उतरायचा आणि तार काढून पुन्हा जोडली की परत उसळायचा. ओहम तार बदलत होता, पण त्याच वेळी बॅटरीही गुपचूप बदलत होती. जिन्याची रुंदी मोजायची आणि मागचा रेटा मात्र दर मिनिटाला वेगळा, अशी गत. तुमचा जुना फोन ४० टक्क्यांवरून थेट १० टक्क्यांवर येतो ना? अशा बॅटरीवर कुणी प्रयोग करेल का?

यात एकटा ओहम फसला होता असंही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर बार्लो हा नावाजलेला माणूस याच प्रश्नावर काम करत होता. त्याचंही सूत्र चुकलं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की तारेतून लांबवर संदेश पाठवणं काही जमण्यासारखं नाही, कारण वीज वाटेतच फार कमी होते. म्हणजे तारेचा रोध नीट समजला नाही म्हणून टेलिग्राफच अशक्य ठरत होता. जर्नलमधलं रीडिंग चुकलं तर फार तर दोन मार्क जातात, पण इथे सगळ्या जगाचा संपर्क अडला होता.

उकळतं पाणी, बर्फ आणि आठ तारा

ओहमचा निबंध वाचून पोगेनडोर्फ या संपादकाने त्याला एक सूचना केली. बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. थर्मोकपलचा शोध तेव्हा ताजा होता. झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये असं आढळलं होतं, की दोन वेगळे धातू दोन टोकांना जोडले आणि एक टोक गरम व दुसरं थंड ठेवलं, की त्यातून वीज वाहते. व्होल्टेज अगदी तुटपुंजं, एका व्होल्टच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण तापमान बदललं नाही तर तेही बदलत नाही. ओहमला हवं होतं ते हेच.

त्याने बिस्मथ आणि तांबं जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत असेपर्यंत त्याचं तापमान हलत नाही आणि बर्फ वितळत असेपर्यंत त्याचंही हलत नाही. म्हणजे मागचा रेटा पक्का झाला. वर चुंबकाची सुई बारीक पट्टीला टांगलेली. वीज वाहिली की सुई वळणार, मग पट्टीला पीळ देऊन सुई परत जागेवर आणायची. किती पीळ द्यावा लागला, तो आकडा म्हणजे विजेचं माप.

मग त्याने सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. जानेवारी १८२६ मध्ये एकेक तार जोडून तो आकडे लिहीत गेला. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा.

त्याच्या एका तक्त्यातले दोन आकडे बघा. २ इंची तारेला आला ३२६.७५ आणि १३० इंची तारेला ४८.५. तार ६५ पट लांब झाली, मग वीज ६५ पटींनी कमी व्हायला हवी होती ना? ती फक्त पावणेसात पटींच्या आसपास कमी झाली. एखाद्याने इथेच हात टेकले असते. किंवा आमच्यासारखं ठिपके सरकवले असते.

ओहमच्या लक्षात आलं, की सर्किट म्हणजे फक्त आपण जोडलेली तार नव्हे. थर्मोकपल स्वतःही सर्किटचा भाग आहे आणि त्याचाही रोध आहे. त्याच्या आकड्यांवरून बघितलं तर तो रोध अशाच तांब्याच्या २०.२५ इंच तारेइतका निघतो. आता प्रत्येक लांबीत २०.२५ मिळवा. २ चे झाले २२.२५ आणि १३० चे १५०.२५. दुसऱ्याला पहिल्याने भागा : ६.७५. आणि विजेचे आकडे, ३२६.७५ भागिले ४८.५? ६.७४. आला की नाही मेळ! मधली १८ इंची तार तपासायची असेल तर तीही बघा. या हिशोबाने तिला १९० यायला हवेत, ओहमच्या वहीत आहेत १९०.७५. बर्फ आणि उकळत्या पाण्यावर चालणारा, २०० वर्षांपूर्वीचा प्रयोग आहे हा!

मग त्याने आणखी एक हुशारी केली. दोन सांध्यांच्या तापमानातला फरक कमी केला. वीज कमी झाली, सूत्रातला वरचा आकडा उतरला, पण ते २०.२५ काही हललं नाही. म्हणजे रेटा बदलता येतो आणि तरी रोध तोच राहतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, हे कागदावर सिद्ध झालं.

सर्किटमधला करंट म्हणजे व्होल्टेज भागिले सगळ्या रोधांची बेरीज. बस्स, एवढंच. आदल्या वर्षीचं स्वतःचं सूत्र त्याने बाजूला ठेवलं आणि हे नवं छापलं.

नोकरी सोडली, आणि पुढे काहीच नाही

इथे सिनेमा असता तर पार्श्वसंगीत वाजलं असतं. प्रत्यक्षात काय झालं ते ऐका.

ओहमने शाळेतून वर्षभराची रजा घेतली, अर्ध्या पगारावर. १८२६ मध्ये तो बर्लिनला भावाकडे गेला आणि पुस्तक लिहायला बसला. फूरियेने उष्णता पदार्थातून कशी वाहते याचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं. ओहमने तीच वाट धरून वीज कशी वाहते ते मांडलं. १८२७ मध्ये पुस्तक आलं. गॅल्व्हानिक सर्किटचा गणिती विचार, अशा अर्थाचं त्याचं जर्मन नाव. या पुस्तकावर विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल अशी त्याला आशा होती.

प्रतिसाद थंड. त्याच्याच देशातल्या बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना इतकं गणित पचनी पडलं नाही. पुस्तकात प्रयोगांपेक्षा गणितालाच जास्त जागा होती, हेही त्याच्या विरोधात गेलं. शिवाय तेव्हा बर्लिनमध्ये हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. निसर्ग समजायचा तर त्यामागचा विचार शोधा, आकडेमोड करून काय मिळणार, असा एकंदर सूर. त्या वळणाच्या पोल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने पुस्तकावर कडक टीका केली. शिक्षण खात्यातूनही पाठबळ मिळालं नाही.

ओहम दुखावला. १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय ३९. हातात एक नियम, जो आज जगातलं प्रत्येक शाळकरी पोर शिकतं, आणि खिशात जवळपास काही नाही. पुढची पाच-सहा वर्षं त्याने बर्लिनमध्ये लष्करी शाळेत आठवड्याचे मोजके तास गणित शिकवून काढली.

राजीनामा द्यायला नको होता का? मला या जागी बराच वेळ अडायला झालं. कोलोनची नोकरी पक्की होती, लॅब होती. थोडी कळ काढली असती तर कदाचित दिवस बरे गेले असते. पण जे आपण तपासून, चूक सुधारून, पुन्हा मोजून मांडलंय, त्याकडे लोक वाचल्यासारखं करून दुर्लक्ष करतात, तेव्हा रोज सकाळी घंटा वाजल्यावर त्याच वर्गात जाणं किती जड जात असेल, तेही कळतं. उत्तर मला सापडलं नाही.

लंडनहून आलेलं मेडल

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. मनातली विद्यापीठाची खुर्ची ही नव्हती, पण निदान बैठक मिळाली. पुढे १८३९ मध्ये तो तिथला संचालकही झाला.

दरम्यान त्याचा नियम हळूहळू एकेका माणसाला पटत होता. जर्मनीत फेखनरने स्वतः मोजमापं करून तो १८३१ मध्ये तपासून पाहिला. रशियात लेन्झने, हो, लेन्झच्या नियमवाल्यानेच, तो आपल्या कामात वापरला. फ्रान्समध्ये पुयेनेही तशीच मोजमापं केली. आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोप्ले मेडल दिलं. त्या काळातला विज्ञानातला सगळ्यात मोठा सन्मान. पुस्तक छापल्याला १४ वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी सोसायटीने त्याला परदेशी सदस्य करून घेतलं. १८४३ मध्ये व्हीटस्टनने लंडनमध्ये रोध मोजायच्या पद्धतींवर जे व्याख्यान दिलं, ते ओहमच्या नियमाच्याच पायावर उभं होतं. बारावीला मीटर ब्रिजवर डोकं आपटलेल्यांना व्हीटस्टन ब्रिज वेगळा सांगायला नको.

बाहेरच्यांनी कौतुक केल्यावर घरच्यांनाही जाग आली. बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य केलं, १८४९ मध्ये म्युनिकला बोलावलं. तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचा पूर्ण प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली १८५२ मध्ये. वय ६३. ज्या खुर्चीसाठी १८२७ मध्ये पुस्तक लिहिलं होतं, ती पंचवीस वर्षांनी मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, ओहम गेला. त्याने लग्न केलं नव्हतं. म्युनिकच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

आणखी एक गंमत. नंतर कळलं, की हाच नियम इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला १७८१ मध्येच सापडला होता, ओहमच्या जन्माच्याही आधी! त्याच्याकडे तर चुंबकाची सुईही नव्हती. तो मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळ्यांमधून वीज सोडायचा आणि स्वतःच्या अंगाला किती जोरात झटका बसतो त्यावरून अंदाज बांधायचा. माणूसच मीटर! (घरी करून बघू नका.) पण कॅव्हेंडिश अबोल आणि एकलकोंडा. त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने त्याचे कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर ओहमचं नाव पक्कं झालं होतं. एकाने बरोबर मोजलं आणि वही मिटून ठेवली. दुसऱ्याने आधी चूक छापली, मग बरोबर छापलं. नियम दुसऱ्याच्या नावाने आहे.

तारेत लपलेला बिघाड

ओहमच्या नियमाचं खरं सोनं केलं ते टेलिग्राफने. बार्लोला अशक्य वाटलेली गोष्ट ओहमच्या हिशोबाने शक्य होती. तार लांब आहे म्हणून रोध वाढतो ना? मग सेल वाढवा, तार जाड करा, सुईभोवतीचे वेढे वाढवा. किती वाढवायचे तेही गणित करून सांगता येऊ लागलं. पुढे समुद्राखालून केबल टाकायला लागले. १८७० मध्ये अशीच एक केबल सुएझ, एडनमार्गे थेट मुंबईला येऊन पोचली. समुद्राच्या तळाशी केबलमध्ये बिघाड झाला तर तो शोधायचा कसा? किनाऱ्यावर बसून केबलचा रोध मोजायचा. प्रत्येक मैलाचा रोध माहीत असतो, त्यावरून बिघाड साधारण किती मैलांवर आहे त्याचा हिशोब लागतो. जहाज तिकडेच पाठवायचं.

पण त्यासाठी रोधाचं एकच माप सगळ्या जगात हवं. प्रत्येकाने आपापल्या तारेने मोजून कसं चालेल? म्हणून १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत व्होल्ट, अँपिअर यांच्यासोबत रोधाचं एकक ठरलं : ओहम. ओहम जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. चिन्ह म्हणून ग्रीक लिपीतला ओमेगा घेतला. इंग्रजी ओ घेतला असता तर आकड्यापुढचं शून्य वाटलं असतं.

मी परवा कपाटातून ते जुनं जर्नल काढून पाहिलं. ओहमच्या नियमाचं पान एकदम स्वच्छ. सगळे ठिपके रेषेवर, एकही इकडे-तिकडे नाही, खाली लाल पेनाने सही. ओहमच्या स्वतःच्या तक्त्यातले आकडेसुद्धा सूत्रापासून थोडे थोडे सरकलेले आहेत. माझे एका केसाचाही फरक न करता जुळतात. ते बघूनच कळायला हवं होतं, की हे कुणी मोजलेलंच नाही.

चौकट : पाच मिनिटांत रोध

• तारेची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट. तारेचा व्यास दुप्पट केला की रोध एक चतुर्थांश. म्हणून लांब आणि बारीक चार्जिंग केबलने फोन हळू चार्ज होतो.

• एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते. १०० आणि २०० ओहम मिळून ३००. त्याला ९ व्होल्टची बॅटरी लावली तर करंट ९ भागिले ३००, म्हणजे ०.०३ अँपिअर. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, ती याच जोडणीमुळे.

• शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडणीत वाटा वाढतात, त्यामुळे एकूण रोध कमी होतो. १०० ओहमचे दोन समांतर जोडले तर ५०. घरातली जोडणी अशी असते, म्हणून पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते. आणि म्हणूनच एका एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, किटली आणि हीटर एकदम लावला की बोर्डाची वायर तापते.

• ९ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट लावला तर जळतो. एलईडीला लागतात साधारण २ व्होल्ट, उरलेले ७ कुणीतरी सांभाळायला हवेत. ३३० ओहमचा रोधक मध्ये टाकला की करंट ७ भागिले ३३०, म्हणजे साधारण २१ मिलीअँपिअर. एलईडी सुखरूप.

• ओहमचा नियम सगळीकडे चालतो असं नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापल्यावर तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून जास्त होतो आणि डायोडचा ग्राफ तर सरळ येतच नाही. नियम आहे तो तापमान न बदलणाऱ्या धातूच्या तारेसाठी. उकळतं पाणी आणि बर्फ घेऊन बसलेल्या माणसाला तापमानाचं महत्त्व बरोबर कळलं होतं.